हिंग, मिश्री, चंदन

१

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की हिंगाच्या डबीला वास येत नव्हता.

गुरुवारची दुपार होती. दिवाळी आठवड्यावर आलेली. आत्या चकल्यांची भाजणी मळायला बसली होती. तिनं डबी उघडली, नाकाशी नेली, पुन्हा नेली आणि म्हणाली, "ह्या बेगमबाजारवाल्याचं तळपट होवो. हिंग म्हणून काय दिलं गं त्यानं? माती हाय ही."

मी डबी हातात घेतली. पिवळट खडे नेहमीसारखेच. एक खडा नखानं मोडला, जिभेवर ठेवला. खरंच मातीसारखा लागला. गंमत म्हणजे ही डबी नवी नव्हती. कालच मी याच डबीतला हिंग वरणात घातला होता आणि तो वास अंगणातल्या नळापर्यंत आला होता.

"हवा लागली असेल," मी म्हटलं.

"हवा लागून हिंग मरत नस्तो. शिकलीस ना तू कॉलिजात?"

शिकले होते. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते. पण मी डबी घाईनं बंद केली ती हिंगामुळे नाही. त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी बाबांच्या टीपवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: धूर, मध आणि शेवटी हिंग.

ते हिंगाबद्दल नव्हतं. चाळीस वर्षं पिंपात मुरलेल्या स्कॉच व्हिस्कीबद्दल होतं.

२

हे नीट सांगायला हवं, नाहीतर आमच्या घराबद्दल भलताच समज व्हायचा. काचीगुड्याच्या त्या तीन खोल्यांत बाबा, आत्या आणि मी, अशी तीनच माणसं. माझी आई मी लहान असतानाच गेली. चतुरा आत्या ही बाबांची थोरली बहीण. आमच्या घरात कुणी दारू पीत नव्हतं. बाबाही नाही. पण बाबा, म्हणजे किशनराव, आबकारी खात्यात होते आणि अठ्ठावीस वर्षं त्यांचं काम होतं वास घेणं. जप्तीतला माल असो की एखाद्या नवाबी वाड्याच्या ड्योढीतला, बाटली उघडून बाबा हुंगायचे, थेंबभर जिभेवर घ्यायचे, थुंकायचे आणि सांगायचे: ही मोहाची, हिच्यात रंग घातलाय, ही अस्सल. अख्ख्या दफ्तरात त्यांना 'नाकवाले किशनराव' म्हणत.

जूनमध्ये त्यांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला. नाक परत आलं नाही.

हे फक्त मला ठाऊक होतं. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडणार होतं. तेलुगू मुलूख आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात. खात्यातला प्रत्येक माणूस कुठल्या राज्याच्या यादीत जाणार ते ठरत होतं. बाबांनी मुंबई राज्य मागितलं होतं. नाक गेल्याचं कळलं असतं, तर सर्विस बुकात 'कामास अयोग्य' असा शेरा पडला असता आणि मग ना इकडच्या यादीत नाव, ना तिकडच्या. "दोन्हीकडून वजा झालेला माणूस कुठं राहतो गं?" बाबा एकदा हसत म्हणाले होते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांच्याबरोबर काम करणारे हणमंतराव रोज चिडवायचे, "क्या किशनराव! मुंबईत तर दारूबंदी. इथं पिणाऱ्यांना परवाने वाटले, तिथं त्यांनाच पकडत फिरणार. हौला का काम है, येड्याचं काम!"

तेवढ्यात ही बाटली आली. एका जुन्या जागीरदाराच्या ड्योढीतल्या सामानाचा लिलाव निघाला होता आणि तळघरात एक बाटली सापडली. एकाच भट्टीत जवापासून काढलेली, सिंगल माल्ट. चाळीस वर्षं पिंपात आणि त्यानंतर कोण जाणे किती वर्षं बाटलीत. अस्सल की बनावट, याचा दाखला बाबांनी द्यायचा होता. दफ्तराच्या मिसली, म्हणजे फायली, गठ्ठे बांधून निघाल्या होत्या, तपासणीची खोली कुलूपबंद. म्हणून साहेबांनी बाटली घरी न्यायची परवानगी दिली. पाच सकाळी, पाच बैठका, पाच नोंदी, मग सही.

नाक माझं, सही त्यांची. असं ठरलं.

३

आता ती पहिली सकाळ.

बाबांनी बाटली बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. टेबलाला टेकून त्यांची वेताची खुर्ची. आत त्यांची झोपायची खोली, उजवीकडे स्वयंपाकघर. दाराबाहेर अंगण. स्टेशन जवळ असल्यामुळे शंटिंगचे धक्के भिंतीतून ऐकू यायचे आणि मी दर वेळी दचकायचे. बावीस वर्षं त्याच घरात राहून दचकायचे. आत्या म्हणायची, हिला स्वतःची सावली दिसली तरी ही नमस्कार करते.

"काही खाल्लं नाहीस ना? साबण लावलास हाताला? नको होता लावायला. जा, नुसत्या पाण्यानं धुऊन ये." बाबा शिकवत होते. निमुळत्या तोंडाच्या पेल्यात त्यांनी बोटभर ओतली. रंग जुन्या तुपासारखा. "नाक आत खुपसायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेव. पहिला वास दारूचा असतो, तो जाऊ दे. घाई नक्को."

मी वास घेतला. धूर आला. लाकडाचा नव्हे, ओल्या मातीचा. मग मध.

"आता चार थेंब पाणी. आता बस."

आम्ही दहा मिनिटं बसलो. बाबा म्हणाले, "पिंपात असताना दर वर्षी थोडी उडून जाते. साहेब लोक म्हणायचे, तो फरिश्त्यांचा वाटा. चाळीस वर्षांत निम्म्याहून जास्त पिंप रिकामं होतं."

"मग त्या रिकाम्या जागेत काय असतं?"

"हवा. दुसरं काय?"

मी पुन्हा हुंगलं, जिभेच्या शेंड्याला लावलं, उगालदानात थुंकले. आणि म्हटलं, "शेवटी हिंग येतोय."

बाबा खो खो हसले. "स्कॉटलंडात कुठला आला हिंग? लिही, लिही. नाकाला येतं ते लिहायचं. आपली अक्कल त्यात घालायची नाही."

मी लिहिलं. बाबांनी बूच लावलं, त्यावर लाख ओतली, खात्याचा शिक्का उठवला आणि आतल्या पातळीशी लेबलावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारून खाली सही केली. आबकारीतल्या माणसाची सवय. बाटली घरच्यांपासूनही मोजून ठेवायची.

४

शुक्रवारी हिंग होताच. त्याच्यामागून आणखी काहीतरी आलं, भाजलेल्या तंबाखूसारखं, कडू, गळ्याला खवखवणारं. ओळखायला मला दोन क्षणही लागले नाहीत. लहानपणापासून त्या वासानं मला सकाळी जाग यायची.

"मिश्री," मी म्हटलं आणि लिहिलं.

तासाभरानं आत्या तळहातावर मिश्री घेऊन अंगणातून आत आली. दात घासता घासता थांबलेली, काळी बोटं तशीच. "इंदे, ह्यात राख कुणी मिसळली? तू का गं?"

"मी कशाला मिसळू?"

"आता गोवऱ्यांची राख बरी, निदान वास तरी येतो. नाकवाला! अरे किसन, तू तर हुंगून सांग!"

बाबांनी तळहात नाकाजवळ धरला. त्यांना कसलाच वास येत नव्हता, म्हणून खोटं बोलले. "चांगली तर आहे, अक्का."

मी दिवसभर घरातल्या वस्तू हुंगत फिरले. रॉकेल, कापूर, फिनाईल, उटणं, रद्दी, बाबांची शाईची दौत. सगळ्याला वास होता. फक्त हिंगाला नाही आणि मिश्रीला नाही. मी स्वतःशी हिशेब मांडला: एकाच वासाचा मारा झाला की नाक त्याच वासाला बधिर होतं. हे पुस्तकात आहे. मी पेल्यात हिंग हुंगला, म्हणून डबीतला येईना. पण मग आत्याचं काय? तिनं पेल्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ती तर बाटलीकडे पाठ करून जेवायला बसत होती.

शनिवारी मी ठरवून गेले, नवीन काही आलं तरी बोलायचं नाही. पेल्यात धूर, मध, हिंग, मिश्री, सगळे आपापल्या जागी, ओळीत उभे असल्यासारखे. त्यांच्यामागे अगदी पुसट, माक्याचं तेल. मी केसांना लावते ते. आत्या घरी कढवते.

मी पेला खाली ठेवला. "आज नवीन काही नाही," मी म्हणाले.

खोलीत जाऊन आधी वेणी नाकाशी धरली. वास होता. तेलाच्या बाटलीलाही होता. दुपारी होता, संध्याकाळीही होता. रात्री मी जरा शांत झोपले. बोललं नाही, लिहिलं नाही, तर जात नाही. एवढा साधा नियम असेल तर माणूस जपून राहू शकतो. उरलेल्या दोन बैठकांत गप्प राहायचं, बस्स.

फक्त एक गोष्ट मी बाबांना दाखवली नाही. शिक्का जसाच्या तसा होता. लाख तडकलेली नव्हती. तीन दिवसांत आम्ही पाऊण पेला तरी काढला होता. बाबांनी रोज नवी रेघ मारली होती, एकाखाली एक अशा तीन रेघा. आणि व्हिस्की सगळ्यात वरच्या रेघेच्या वर होती.

५

इथं आमच्या घरची एक रीत सांगते. आत्यानं ती गावाकडून आणली. कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नाही, ते एकदाच मारतं, फार तर दोनदा. बाबा खुळचटपणाला हसणारे, पण ही रीत त्यांच्या हाडात गेलेली. बाबा, बाबा, बाबा. तेव्हा कुठं आतून "ओ". कॉलेजात असताना मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की म्हणायच्या, तुझे वडील बहिरे आहेत का?

रविवारी चौथी बैठक. या वेळी बाटली मीच उघडली, ओतून पुन्हा लाख आणि शिक्काही मीच उठवला, म्हणजे रेघा बाबांच्या नजरेला पडल्या नाहीत.

पेला नाकाशी नेला आणि माझे डोळे आपोआप मिटले. चंदनी साबण. शाई. इस्त्रीनं किंचित करपलेली कॉलर. आणि या सगळ्याखाली, तापात मी बाबांची उशी बदलायचे तेव्हा यायचा तो वास, ज्याला नाव नाही.

मी डोळे उघडले. बाबा समोर बसले होते, टीपवही उघडून, टाक हातात घेऊन.

"हं?"

मी पेला खाली ठेवला.

"इंदू?"

"काही येत नाही, बाबा."

"कालही नव्हतं आलं." त्यांनी टाक खाली ठेवला. "पोरी, तुला ताप आहे का? बघू. नाक चोंदलंय? धूर तरी येतोय का?" त्यांचा हात माझ्या कपाळावर होता. "माझ्यामुळं झालं का हे? माझं दुखणं तुला लागलं का गं?"

"नाही, बाबा, तसं नाही."

"मग सांगत का नाहीस? मी ही नोकरी सोडतो. उद्याच साहेबांना खरं सांगतो. गेलं नाक तर गेलं. पण तुझं..." त्यांनी चष्मा काढला. माझ्या आयुष्यात बाबांना मी रडताना पाहिलं नव्हतं. ते आता पाहावं लागणार, असं मला वाटलं. तेवढं मला सहन होईना.

"येतोय वास," मी म्हटलं. "तुमचा येतोय, बाबा. चंदनी साबण, शाई, तुमची कॉलर. तुमचाच."

बाबांचा चेहरा असा खुलला, की जूनपासून तसा मी पाहिला नव्हता. "चंदन जुन्या पिंपातूनच येतं. म्हणजे अस्सल आहे," ते म्हणाले. डोळे पुसले, टाक उचलला आणि आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: चंदन.

मी हात पुढं केला होता. उशीर झाला.

६

आत्यानं दोन ताटं वाढली.

"अक्का, माझं?" बाबा म्हणाले.

आत्या दचकली. "अगं बया! तू घरीच हायस व्हय? ध्यानातच नाही." तिनं तिसरं ताट वाढलं. भाजी वाढताना पुन्हा दोघांनाच वाढली. बाबांनी दोनदा मागितली. मग स्वतःच उठून घेतली. चेष्टा करतेय असं समजून ते हसत होते. मी हसत नव्हते.

जेवणं झाल्यावर हणमंतराव आले. घाम पुसत, सायकल भिंतीला टेकवून. "सलाम पोरी. पाणी दे बघू. किशनराव किधर?"

बाबा वेताच्या खुर्चीत बसलेले होते. हणमंतरावांपासून दोन हातांवर.

"हे काय," मी म्हटलं. मी खुर्चीकडे हात केला.

हणमंतरावांनी खुर्चीकडे पाहिलं. पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. मग दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गेले वाटतं कुठं. आले की सांग, रविवार असून दफ्तर उघडलं, याद्या लागल्या. मुंबईच्या यादीत त्यांचं नाव नाही. म्हटलं, आंध्राची बघू. तिच्यातही नाही. कारकुनाची चूक असणार. मगर परेशान नक्को होना बोल."

"हणमंतराव, मजाक पुरे," बाबा म्हणाले.

हणमंतराव पाणी प्यायले, पेला खाली ठेवून निघाले. जाताना त्यांच्या धोतराचा सोगा बाबांच्या गुडघ्याला घासून गेला. त्यांनी मागं वळून सोगा झटकला, काट्याला अडकल्यासारखा.

भिंतीतून शंटिंगचा धक्का आला. बाबांनी आपला हात वर केला, उलटसुलट करून पाहिला, नाकाशी धरला. मग त्यांच्या लक्षात आलं, की त्याचा उपयोग नाही. तो हात त्यांनी माझ्यापुढं केला.

"इंदू, बघ गं. कसला वास येतो?"

मी वाकले. ते सकाळीच न्हाले होते. बोटाच्या पेराला निळी शाई लागलेली होती. मी दीर्घ श्वास घेतला. आंघोळीचा गडू आतून हुंगावा, तसं. नुसता गारवा.

"साबणाचा," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. माझं खोटं त्यांना कळलं असावं, कारण माझा गाल त्यांनी अलगद थोपटला. "जरा पडतो. चारला उठव. डॉक्टरकडे जाऊन येऊ, नारायणगुड्याला. दोघंही नाक दाखवून घेऊ."

आतल्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. खाट करकरली. तो आवाज मी नीट लक्षात ठेवला आहे.

७

मी चारपर्यंत थांबले नाही. साडेतीनला उठले.

आत्या स्वयंपाकघरात बिनहिंगाच्या चकल्या तळत होती. तेलाचा चुरचुराट चालू होता. बैठकीच्या खोलीत पडद्यातून ऊन आलेलं, थेट टेबलावर. लाखेचा शिक्का तसाच होता. आत व्हिस्की गळ्यापर्यंत चढलेली. इतकी, की बुचाखाली हवेला जागाच उरली नव्हती.

बाटली फोडावी, मोरीत ओतावी, असं डोक्यात आलं. हात पुढं गेलासुद्धा. पण ओतून दिलं तर जे आत आहे ते कुठं जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. आधी बाबांना उठवू. त्यांचा हात धरू, रिक्षात बसू, दवाखान्यात जाऊ. लोकांत गेलं की सगळं सरळ होतं.

मी बैठकीच्या खोलीतच, टेबलाकडे पाठ करून, आतल्या दारासमोर उभी राहिले.

"बाबा."

पहिली हाक. तिला उत्तर नसतंच.

"बाबा."

दुसरी.

"बाबा!"

खाट करकरली नाही. चुरचुराट तेवढा चालू. मी दार ढकललं. खाटेवर चादर सरळ होती, एक घडी न मोडलेली. उशाशी चष्मा, काड्या मिटून ठेवलेला. खिडकीला गज. त्या खोलीला दुसरं दार नाही.

"बाबा! बाबा! बाबा!" माझा आवाज घरभर झाला असणार, कारण आत्या झारा घेऊन दारात आली.

"काय झालं गं? कुणाला हाका मारतीस?"

"बाबांना!"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, भीतीनंही नाही. शेजारच्या मुलीनं आपल्या घरात येऊन भलतंच नाव घ्यावं आणि आपण ते नाव आठवून बघावं, तसं. "बरं," ती म्हणाली. "मार." आणि चकल्या करपतील म्हणून परत गेली.

मी खोलीतून मागं मागं येत पुन्हा होते तिथं उभी राहिले. टेबल पाठीशी. हात घट्ट धरले. स्वतःला म्हटलं, घाबरून तू हाका एकात एक मारल्यास, त्यांना मोजता आल्या नसतील. पुन्हा पहिल्यापासून. सावकाश. एकेक. तिसरीला ते ओ देतील. बाबा नेहमी तिसरीलाच देतात. जन्मात कधी त्यांनी पहिलीला ओ दिलेली नाही.

"बाबा," मी म्हटलं.

"ओ," बाबांचा आवाज आला. लगेच. पाठीमागून, टेबलावरून, इतक्या जवळून की मानेवरचे केस हलले. आणि त्या श्वासाबरोबर वास आला: धूर, मध, हिंग, मिश्री, चंदन, अगदी वहीतल्या क्रमानं. आणि सगळ्यांच्या शेवटी, पुसट, मी कुणालाही न सांगितलेलं माक्याचं तेल.